चालू झाली तर न्या

—अहो, उजवा पाय उचला आधी! तो ब्रेक नव्हे, गिअर आहे. ह्या मोटारसायकलचं सगळंच उलटं — गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे — विलायतेतली ना, साठेक वर्षांपूर्वीची, तेव्हा तिकडे असंच असायचं म्हणे. मागे विरारहून एक प्रितेश म्हणून आला होता बघायला, चांगला मुलगा, सगळ्या गाड्या चालवून झाल्यात म्हणाला. इंजिन बंदच होतं, नुसता बसला आणि म्हणाला, आंटी, जरा उतारावर सोडून बघतो. सोडली. समोर आली आमची वाडी, ह्यानं ब्रेक समजून दाबला उजवा पाय — आणि गेला सरळ केळीत! गाडीला ओरखडा नाही, माझ्या दोन केळी आडव्या, आणि तो चिखलात बसून माझ्याकडे असा बघतोय, जशी मीच ढकलली. तर तुमचं तसं नको व्हायला. बसा, खुशाल बसा, पण पाय सांभाळून.

चहा घ्या ना, थंड होतोय. ठाण्याहून आलात, त्यात टेम्पो नाक्यावर उभा करून आलात — एवढी खात्री? असावी, माणसाला खात्री असावी. पण अट फोनवर सांगितली होती मी. चालू झाली तर न्या. बंद गाडी टेम्पोत आडवी टाकून न्यायची, हे नाही चालायचं — ती मेलेली नाही, झोपलीय नुसती. स्वतःच्या आवाजात फाटकाबाहेर पडली पाहिजे. कुणाची अट? ह्यांचीच. म्हणजे आमच्या मिस्टरांची, ॲन्सेल्मची. म्हणजे — दोघांची समजा. ते वाडीत आहेत, पाणी सोडायला गेलेत. नाही, बोलवत नाही त्यांना. तुम्ही येणार हे सांगितलेलंच नाही. आता असं बघू नका, चोरून नाही विकत मी! विकून टाक हे त्यांनीच सांगितलंय, स्वतःच्या तोंडानं, जेवता जेवता. पण कुणी बघायला आलं की त्या दिवशी ते जेवत नाहीत. प्रितेश आला त्या दिवशी ताज्या बोंबलांचं कालवण केलेलं, तसंच राहिलं. बोंबलाला कधी नाही न म्हणणारा माणूस हो तो! म्हणून म्हटलं ह्या वेळी गुपचूप होऊन जाऊ दे.

हा सायलेन्सर? हो, वरूनच जातो, मांडीच्या उंचीवरून. हिला स्क्रॅम्बलर म्हणतात ना — ओढ्यातून, दगडधोंड्यांतून न्यायची गाडी, खाली सायलेन्सर असता तर पाणी शिरलं असतं. तिकडचे लोक मुद्दाम खड्डे शोधत फिरायचे म्हणे ह्या गाडीवर. आपल्याला शोधावे लागत नाहीत, फाटकाबाहेरच आहेत! ह्यांचे पॉल अंकल एडनला कामाला होते, त्यांनी बोटीनं आणली ही, आणि मग ह्यांना दिली. आमचं लग्न ठरलं तेव्हा पहिल्यांदा मागे बसले मी — लुगडं नव्हे, स्कर्ट घालून, मोठी फॅशन — आणि भुईगावच्या समुद्रावर पोचेपर्यंत पोटरी भाजली ह्याच सायलेन्सरवर. डाग आहे अजून. आई म्हणाली, लग्नाआधीच डागलीय हिला, आता कोण करणार? म्हटलं, ज्यानं डागली तोच करील.

हा टाकीवरचा बिल्ला सणाचा का? हो, सेंट ख्रिस्तोफरचा सण असतो ना जुलैत, प्रवाशांचा संत तो, तेव्हा आमच्याकडे गाड्यांना आशीर्वाद देतात. चर्चसमोर सगळी रांग लागते, स्कूटर, टेम्पो, भाजीच्या गाड्या, फादर पाणी शिंपडत जातात. आमच्यापाशी आले की दोनदा शिंपडायचे. म्हणायचे, एकदा गाडीला, एकदा चालवणारीला, हिला जास्त गरज आहे.

हं? चालवणारीला म्हणजे — चालवणारीला. मीच. आता सुटलंय तोंडून तर सांगते, आणि तू म्हणते हं तुला, माझ्या मर्विनच्या वयाचा आहेस, तो कॅनडात असतो. ह्यांना काचबिंदू झाला. आधी कडेकडेनं गेलं, मग मधलं. आता उजेड कळतो, माणूस कळत नाही. वाडी पायांना पाठ आहे, वाडीत त्यांना कुणाची गरज नाही, पाण्याचा पाट कुठे वळतो ते झोपेत सांगतील. पण रस्त्यावर कशी न्यायची गाडी? तर काय करायचे, रोज सकाळी ही बाहेर काढायचे, किक मारायचे, आवाज ऐकत उभे राहायचे, आणि बंद करून परत आत ठेवायचे. रोज! पोळ्या लाटता लाटता मी ऐकायची. एकदा आवाज आला, बंद होईना, बाहेर येऊन बघते तर टाकीवर हात ठेवून उभे आणि डोळ्यांना पाणी. मला असा राग आला — कुणाचा कुणास ठाऊक. पदर खोचला, म्हटलं, सरका मागे. म्हणाले, तुला येतं? म्हटलं, इतकी वर्षं मागे बसून काय नुसती माशा मारत होते?

स्कूटर येत होती रे मला, शाळेत शिकवायला जायची ना स्कूटरवर, पण ही म्हणजे रेडा. आणि गंमत अशी, मला किक मारता येत नाही. वजनच नाही माझं, मी उभी राहिले तरी हा दांडा हलत नाही! मग किक त्यांनी मारायची, चालू झाली की त्यांनी मागे सरकायचं, मी पुढे. रस्ता मी बघायचा, गिअर ते सांगणार — आवाजावरून. शर्ले, तिसरा टाक. शर्ले, ओढतेय ती, खाली घे. एकदा चुकले नाहीत. मी वळण घेतलं की मागून सांगायचे, हं, कॅथरिनकडे सुकट भाजतायत. हं, वटार आलं, चाफा फुललाय कुणाकडे तरी. मला तर दिसायचाही नाही चाफा, मी खड्डे बघत असायची! इथून, गिरीजहून निघायचं, भुईगावच्या सुरूच्या झाडांपाशी थांबायचं, समुद्र बघायचा — मी बघायची, ते ऐकायचे — आणि चर्चातल्या मिस्साच्या आधी घरी. गावात सुरुवातीला हसले लोक. मग सवय झाली. मग तर आवाज आला नाही तर बायका विचारायच्या, आज बरं नाही का कुणाला?

मग पावसाळ्याच्या तोंडावर पाटातच पाय घसरला त्यांचा. ज्या पाटाचं एवढं कौतुक सांगितलं ना, त्याच पाटात! खुब्याचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले चाला, फिरा, पण किक — नाव काढायचं नाही. मागे बसायला? त्याला नाही म्हणाले नाहीत. विचारलंच नाही आम्ही. पण किक कोण मारणार? शेजारच्या कॉन्रॅडनं मारली, ती उलटी आली, आठवडाभर लंगडत होता, आता आमच्या दारावरून जाताना गाडीकडे बघतसुद्धा नाही. धक्का मारून बघितला. म्हणजे मी पुढे आणि ते मागून ढकलतायत, नवा खुबा घेऊन! गाडी चालू झाली नाही, ते कुंपणात गेले, मी रडले, ते हसले. त्याच रात्री जेवताना म्हणाले, विकून टाक. मर्विननं तिकडून जाहिरात टाकली. म्हणतो, मम्मी, तुमचं वय बघा. वय काय बघायचंय, ते दिसतंच आहे!

हेल्मेट? ते पांढरं माझं, ते घेऊन जा हवं तर. त्यांचं काळं होतं, ते सापडत नाही पावसाळ्यापासून. सगळं घर शोधलं. बरं, मार आता किक. मार, मार, बघू.

अशी मारतोस?

नाही झाली ना. नाहीच होत ती. दमलास? राहू दे मग, टेम्पोला सांग — अजून एकदा? बघ बाबा. अरे असं दाणदाण नको नाचूस तिच्यावर! घसा बसेल तिचा. नाही, मी काही सांगणार नाही, तुझं तू बघ, अट म्हणजे अट, मी मदत केली तर — अरे पण पेट्रोलचा कॉक तर उघडलास का? आणि हे बटण, कार्बोरेटरवरचं, हे दाबायचं, गुदगुल्या केल्यासारखं, टिक टिक टिक, पेट्रोल पाझरेपर्यंत. हे बघ, आलं. चाळीस वर्षं शाळेत शिकवलंय रे, कुणी चुकीचं करायला लागलं की मला बघवत नाही, हा एक रोगच आहे. आता किक हळू दाब. जड लागतेय? तिथेच थांब. अजून अगदी थोडी. सोड, दांडा वर येऊ दे. आता पायानं नाही मारायची, सगळ्या अंगानं मारायची, पायरी उतरल्यासारखी. गुडघा वाकव जरा, नाहीतर कॉन्रॅड होईल तुझा. हां. घे देवाचं नाव आणि—

लागली!

अगं बाई, लागली! बंद नको करू, बंद नको करू, मूठ थोडी पीळ, थोडीच, हां, धर तशी. ऐक, ऐक कशी बोलतेय! किती महिन्यांनी — हे काय, माझ्या डोळ्यांना काय झालं, धूर गेला वाटतं. तुला कसं जमलं रे? मीच शिकवलं म्हणा. खरं सांगू आता? अट ह्यांची नव्हतीच. माझी होती. मला वाटलं होतं, कुणालाच जमायचं नाही, आणि गाडी राहील. राहील तशीच उभी, पण राहील. आणि शिकवलं कुणी, तर मीच! मूर्ख बाई—

थांब. बोलू नकोस.

ते आले. वाडीतून, बघ. काठी धरून किती भरभर — आवाजावर येतायत. आणि डोक्यावर काय आहे बघ. हेल्मेट! काळं! पंपाच्या खोलीत लपवून ठेवलं होतं म्हणजे ह्यांनी, आणि मी सगळं घर उलथंपालथं केलं! त्यांना वाटतंय मीच लावली कशीतरी. हलू नकोस, गाडी घट्ट धर. काठी फाटकाला टेकवली त्यांनी. बसतायत. बसू दे, मागे बसू दे त्यांना. आता खांद्यावर हात ठेवतील तुझ्या—

मी इकडे आहे, ॲन्सेल्म. इकडे, डावीकडे. तो खांदा माझा नव्हे, हा दीपेश आहे, ठाण्याचा. ह्यानं लावली. नाही हो. नाही, घ्यायला कसला येतोय! किक मारायला आलाय.

उतर बाळा, सावकाश, मूठ सोडू नकोस, मी धरते. हां. मी म्हटलं होतं चालू झाली तर न्या? म्हटलं असेन. तेच करतेय, नेतेय मी. दिलेला शब्द पाळावा हे वर्गात शिकवायची मी, पण शाळा कधीच सुटली. ते पांढरं हेल्मेट दे इकडे. ओट्यावर केळीचा घड आहे, तो टाक तुझ्या टेम्पोत, रिकामा नको नेऊस. आणि पुढच्या रविवारी मोकळा आहेस का? बघ, बोंबील करीन. ॲन्सेल्म, सरका मागे. काय? माहितीय हो, पहिला गिअर उजवीकडेच असतो, मला शिकवू नका. जाताना फाटक ओढून घे रे, गुरं शिरतात वाडीत.