भिंतीला धडकायची नोकरी

— न्हाई ना सापडलं माझं नाव? टाका, परत टाका. शहादेव टाका, आडनाव टाका, शिरूर कासार टाका. कुणीतरी त्या जुन्या रेसिंग गेमचा कोड चोरून नेटवर सोडला, तुमी तो उतरवून घेतला, अन् लॅपटॉप काखेत मारून माझ्या कॉम्प्युटर क्लासात पुरावा शोधाया आले — लई हुशार! तुमच्या मामानं, विजयसिंह भाऊनं पाठवलं म्हणा की सरळ. उद्या शाळेत भाऊनं माझा सत्कार ठेवलाय, स्टँडसमोर हा एवढा फ्लेक्स — ‘जगाला वेड लावणाऱ्या गेमचे निर्माते, आपले शहादेव सर’ — अन् कोडमदी नावच न्हाई, म्हणून भाऊची पंचाईत. मी म्हणलो होतो का फ्लेक्स लावा? फोटो? फोटो दिला मी. मागितला म्हणून दिला, त्यात काय एवढं?

अन् ज्यांची नावं हायेत ते कोण मोठे लागून गेले हो? पानापानावर आपलं नाव, देवळाच्या पायरीवर देणगीदार कोरतेत तसं. खाली काय लिवलंय वाचा — ‘हे का चालतं मला माहीत नाही, हात लावू नका.’ वाचलं? हे तुमचे साहेब लोक! वीस-बावीस वर्षांनी कोड फुटला तर अब्रू ह्यांची गेली, माझी न्हाई. माझं काम स्वच्छ होतं. काय काम? काम म्हंजे — गाडी माझ्याच हातात असायची. गेमवाल्यांच्या पुण्याच्या हापिसात सकाळी नवाला बसायचं अन् गाडी भिंतीला धडकवायची. हसू नका. हरेक रस्ता, हरेक भिंत, थोडं थोडं सरकत — कुठून आरपार जाते का बघाया. एका बोगद्याच्या तोंडाशी भोक होतं, गाडी तिथून खाली जायची अन् पडतच राहायची — खाली रस्ता न्हाई, जमीन न्हाई, नुस्तं निळं. ते मी हुडकलं! दोन वर्षं धडकलो. जिंकायचं? छे, शर्यत पुरी करायला कुणी सांगितलंच न्हाई कधी.

थांबा. वर घ्या जरा. हां, तिथं — ‘टेस्टर चौदा म्हणतो गाडी इथून पडते. ह्या माणसाला दुसरा उद्योग नाही का?’ चौदा म्हंजे मी. झालं समाधान? जा, सांगा मामाला. काढा फ्लेक्स, घाला ती शाल दुसऱ्या कुणाला — तुमच्याकडं काय, दर आठवड्याला कुणाचा तरी सत्कार असतोच. मला काडीचा फरक पडत न्हाई.

फक्त पहिल्या रांगेत माझी माय बसणार हाय. जानकीबाई. ऊस तोडून शिकवलं तिनं मला. पुण्याहून आलो की मी म्हणायचो, गाड्या बनवतो. तिला वाटलं खऱ्याच — सगळ्या टोळीत सांगत सुटली. पुढं म्हणलो, आये, गेममधल्या हायेत, तर म्हणली असू दे, बनवतो तर खरं. आता कोणत्या तोंडानं सांगू तिला, की बनवत नव्हतो, आपटत होतो? वाचता येत न्हाई तिला. रोज काठी टेकत स्टँडवर जाती अन् त्या फ्लेक्सपुढं उभी राहती. कालच्याला उन्हात तासभर उभी होती, मीच घेऊन आलो.

ऐका. भाऊला म्हणा, नाव सापडलं. एवढंच म्हणा. — खोटं कसं बोलू? वा! तुमच्या मामाच्या फ्लेक्सवर आजपस्तोर सगळं खरंच छापलंय व्हय? तिथं न्हाई अडलं तुमचं, अन् माझ्या नावाला — का म्हून? माझ्याच टायमाला तुमी हरिश्चंद्र? चार बुकं शिकून आलात म्हणून...

मिटवा. लॅपटॉप मिटवा, आई आली.

ये आये, बस. काय न्हाई गं, हे भाऊचे भाचे, उद्याचं इचाराया आलते. — हां, त्यातच असतंय समदं, ह्या लॅपटॉपात. — माझं नाव? माझं नाव हाय का त्यात?

मला कशाला इचारतीस, आये. ह्यांनाच इचार.

सांगा की, साहेब.