तांबडं भात उपटायच्या आधी

हॅलो?… हो, गिरजाआत्याच. या घरात फोन दुसरं कोण उचलणार?… बोल माधुरी… साल? दोन हजार पाच. मोठ्या पुराचं साल. तुझ्या बापानं, आमच्या लडकूदादानं, आपलं जुनं तांबडं भात उपटून टाकलं ते त्याच साली. तू फ्रॉकात होतीस. पण आज कशी गो आठवण झाली?

काय?… परत बोल… पंकज उपटतोय? आत्ता?… 'बाबांनी पण उपटलं होतं' म्हणतो? वा! बापाकडून एवढं एकच शिकला तुझा भाऊ.

नाय, त्याला फोन देऊ नको अजून. त्याच्याशी बोलले तर तोंड कडू होईल माझं. आधी हाक मारून थांबव त्याला… थांबला? बघ, कमरेवर हात ठेवून उभा असेल… आहे ना? मला माहीत आहे.

आता सांग, पात्यांना झालंय काय?… शेंडे जळालेत, तांबूस. किती?… बोटाच्या पेराएवढे. खाली उतरलंय का?… तिथंच थांबलंय. बरं. आणि शेजारच्या खाचरातलं ते दुकानातलं नवीन बियाणं?… हिरवंगार. डोळ्यांत भरतंय म्हणतो. भरणारच. युरिया ओतलाय ना बादलीनं.

एक सांग. आवणीच्या वेळी, खाचरात लावताना, रोप उंच झालं होतं ना? मग मुठी बांधून शेंडे कापले असतील त्यानं… कापले. दोन्ही भातांचे, एकाच विळ्यानं… हुशार! सहा दिवस आसनगावहून कल्याणला कामाला जातो आणि रविवारी मोबाईल बघून शेतकरी होतो. अगं, करपा त्या कापलेल्या शेंड्यातूनच आत शिरतो. जिवाणूंचा करपा. उघडी जखम आणि वरून चिखलाचं पाणी, अजून काय पाहिजे त्याला?

हो, हो… अगं ऐक ना. काचेचा ग्लास घे. स्वच्छ पाणी भर. हिरव्या खाचरातलं असं पातं शोध, ज्याच्या कडेला बारीक ओलसर रेघ आहे. असेल, नीट बघ… सापडलं ना? कात्रीनं तेवढा तुकडा काप, पाण्यात उभा धर आणि उजेडाकडे बघत राहा. हलवू नको… लगेच नाय दिसत गो, चहा आहे का तो?

तोवर ऐक. त्या पुराच्या साली भात संशोधन केंद्रातली एक पोरगी आली होती, सरिता नावाची. सलवार गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उतरली. आमच्याकडं पण तेच झालं होतं, तांबड्याचे शेंडे जळालेले नि नवीन भात हिरवं. ती दादाला म्हणाली, तांबडं उपटू नका, ते लढतंय. त्या पात्यानं रोग ओळखलाय, म्हणून रोगाभोवतीची आपलीच जागा त्यानं मारून टाकली. आता रोग तिथंच कोंडून मरेल… मला पटलं. सिद्धगडाच्या रानाला वणवा लागला की आमी काय करतो? पुढची पट्टी आपणच जाळतो. तसंच ते. आणि म्हणाली, एका पानाची खबर झाडभर जाते, बाकीची पानं तयारीला लागतात. त्या हिरव्याला अजून पत्ताच नाय घरात चोर शिरल्याचा. म्हणून हिरवं आहे.

शेजारचा बारकू बांधावर तंबाखू मळत होता. खदाखदा हसला. 'भाताला काय डोकं असतं, बाई?' दादा पण हसला. अगं, बारकूपेक्षा तरी होतं! दोघांनी मिळून तांबडं उपटलं, बांधावर फेकलं, नि संध्याकाळी कोंबडी कापली. रोग गेला म्हणून!… हो, तुला तंगडी मिळाली होती. ती आठवते बरी.

गणपती आले तेव्हा हिरव्याच्या कडा पांढऱ्या पडत खाली उतरत होत्या. दसऱ्याला लोंब्या हातात घेतल्या तर नुसती फोलपटं.

काय?… दिसलं? कसं दिसतंय?… दुधाची तार सुटलीय पाण्यात. हां. ते जिवाणू. एवढ्याशा तुकड्यातून, लाखांनी. त्याला दाखव… दाखवलंस? आता दे फोन.

पंकज… काय 'आत्या तसं नाय'? कसं आहे मग?… बाबांनी केलं म्हणून? तर ऐक बाबांचं काय झालं. वर्षभर रेशनचा तांदूळ खाल्ला आणि मरेपर्यंत पावसाला शिव्या दिल्या. स्वतःला एक नाय. बारकूनं पुढं जमीन विकली. तिथं बंगले झालेत आणि हा त्यांच्या फाटकावर वॉचमन आहे. गाडी दिसली की उठून सलाम मारतो. सरिता मागच्या साली म्हशाच्या जत्रेत भेटली, केस पिकलेत. 'कशा आहात' नाय विचारलं तिनं. म्हणाली, 'तांबडं आहे का अजून?' मी ताठ मानेनं सांगितलं, आहे, माझ्या माहेरी आहे.

का आहे, ठाऊक आहे? त्या संध्याकाळी तुमी कोंबडी खात होता, तेव्हा माझी आई, तुझी आजी, बांधावर गेली. फेकलेल्यातल्या दोन मुठी उचलल्या, नि मोरीचं पाणी जातं त्या खाचेत एक एक रोप खोचलं. पुढं आई वारली. पण त्याच्याच लोंब्या, त्याचंच बी, आज तू उपटतोयस. माझ्याकडं दाणा नाय रे. बियाण्याची कणगी उंदरांनी फोडली. गावात विचारलंस तर सगळ्यांच्या घरात दुकानातली पिशवी. तुझ्या पायाखाली आहे तेवढंच.

किती उपटलंस?… निम्मं! शाबास… कुठं टाकलंस? बांधावर. अजून ओलं आहे ना?… मग मला काय विचारतोस 'आता काय करू'? हिरव्यातलं पाणी इकडं येऊ देऊ नको, बांधातलं पाण्याचं दार चिखलानं बंद कर आधी. विळा ठेव घरात. आणि वाक… पँट? पँट भिजेल? अरे तुझ्या आजीचं लुगडं भिजलं होतं… उद्या कामावर जायचंय ते सांगू नको मला. वाक म्हणते ना…

हॅलो?… पंकज?… माधुरी, हा बोलत का नाय गो?… काय?… वाकलाय?

बरं. ठेव मग. आणि त्याच्याकडं बघत राहा, मुळं वर करून लावील मेला.