परदेशातली लक्ष्मी

ऋजुता : नाही काका, ही लक्ष्मी नाही.

कमलाकर : मला संशय होताच. पस्तीस दिवाळ्या लाडू खाऊन एकदाही प्रसन्न झाली नाही.

ऋजुता : रोमन नाणं आहे. प्रॉपर सोन्याचं. तुम्हाला लीड्समध्येच मिळालं?

कमलाकर : मला नाही, बायकोला. मागच्या बागेत मेथी पेरताना. मेथी उगवली नाही, ही उगवली. हातात कणसं बघून मनीषा म्हणाली, परदेशातली लक्ष्मी. बसवली देव्हाऱ्यात.

ऋजुता : कणसं बरोबर आहेत. ही सेरेस, धान्याची देवी. आणि हे लाल काय आहे खाचांमध्ये?

कमलाकर : कुंकू. पुण्याचं.

ऋजुता : फॉर्मवर तुम्ही टिक केलंय, म्युझियमला कायमचं द्यायचं म्हणून. शुअर आहात ना?

कमलाकर : मनीषा मार्चमध्ये गेली. मी नास्तिक माणूस, तिच्या देवांशी माझी बोलचाल नव्हती. आता घरात मी आणि ते. म्हणून सगळे स्टॅनमोरला मुलाकडे पाठवले. ही तेवढी पोस्टानं परत आली. सून म्हणाली, आपल्यातली वाटत नाही.

ऋजुता : दुसरी बाजू बघितलीत?

कमलाकर : कुणाचा तरी चेहरा आहे. तो कायम पालथा.

ऋजुता : ही फॉस्टिना. रोमन सम्राटाची बायको.

कमलाकर : अंबाडा चांगला घातलाय.

ऋजुता : ती गेल्यावर नवऱ्यानं तिला देवी जाहीर केलं.

कमलाकर : गेल्यावर. म्हणजे रीत जुनी आहे.

ऋजुता : देऊळ बांधलं. आणि तिच्या चेहऱ्याची नाणी पाडत राहिला, स्वतः जाईपर्यंत. वीस वर्षं.

कमलाकर : वीस?

ऋजुता : ऑलमोस्ट. इथे सही करा काका. कुंकवाची काळजी नको, आमचे लोक क्लीन करतील. काही राहणार नाही.

(कमलाकर सही न करताच पेनाला टोपण लावतात.)

कमलाकर : ऋजुता, कुंकू कुठल्या बोटानं लावतात गं?

ऋजुता : करंगळीशेजारच्या. का?

कमलाकर : आणि चेहऱ्याची बाजू वर ठेवली तर चालतं?

ऋजुता : चालत असेल. पण काका, काकू रोज लावायच्या ना? तुम्ही बघितलं असेलच.

कमलाकर : समोरच असायचो मी. पेपर वाचत.