साडेसातची मेथी

देवाला हात जोडलेत? जोडलेत ना! मग आता घड्याळाकडचे डोळे इकडे आणा. मंडळी, मला इथून सगळं दिसतं हो! त्या खांबाजवळच्या वहिनींनी तिसऱ्यांदा मनगट बघितलं. साडेसातची मालिका ना? सोडतो, सात-पंचवीसला सोडतो! आमच्या पेटीवाल्या बंडोपंतांनासुद्धा तीच बघायचीय, म्हणून तर आज त्यांची बोटं पळतायत.

तर आजचा प्रश्नही तिथलाच घेऊ. जाणती माणसं जिला नावं ठेवतात – मिळमिळीत म्हणतात, पाणचट म्हणतात – ती मालिका घरोघर वर्षानुवर्षं कशी चालते? लोक काय खुळे आहेत? की जाणत्यांचंच काही बघायचं राहून जातं? ऐका!

सांगलीत हेरंब खांबेटे नावाचा एक गृहस्थ. पेपरात दर रविवारी मालिकांची परीक्षणं लिहायचा. तारे द्यायचा, तारे! पाचापैकी दोन, पाचापैकी एक. वय अडतीस, अजून लग्न नाही. का? तर तिथंही कुणाला अडीचच्या वर तारे मिळाले नाहीत!

आणि मालिका कोणती? 'बसा, चहा टाकते'. काय असतं तिच्यात? नानांचा चष्मा हरवतो – सापडतो. सूनबाईंची आमटी खारट होते – पाणी घालतात. झाला भाग! हेरंबानं तिला अर्धा तारा दिला. पुढच्या वर्षी पाव. आणि दर गुरुवारी किती जणांनी काय बघितलं त्याचे आकडे यायचे – मालिका पहिली! त्याचा जीव नुसता कासावीस. खोलीत येरझाऱ्या घालायचा. "का? का बघतात लोक हे?" जेवताना तेच, झोपताना तेच.

बघायचा कसा, तेही ऐका. आपल्या खोलीत, दार लावून, कानात ते बोंडूक घालून, लॅपटॉपवर – दुप्पट वेगानं! अहो, चहाला उकळी फुटायच्या आत याचा भाग संपलेला. चहाची चव कशी कळणार?

आता बाहेरच्या हॉलमध्ये चला. तिथं दोघीजणी. एक हेरंबाची आई, प्रमिलाबाई. दुसरी त्याची काकू, कुमुद. जावा-जावा, दोघींचे मालक गेलेले, एका छपराखाली राहतात. आणि दोघींत अबोला! किती वर्षं? अकरा! कशावरून? चकलीवरून! एका दिवाळीला चार पाहुण्यांत थोरली बोलून गेली, "कुमुदच्या चकल्या यंदा मऊ पडल्यात." झालं! त्या दिवसापासून शब्द नाही. गॅस संपला, दूध आलं नाही, एवढं हेरंबामार्फत – "सांग रे तुझ्या काकूला!" हसताय काय? तुमच्या घरातल्या चकल्या काढू का बाहेर?

पण साडेसात वाजले की गंमत बघा. थोरली परात घेऊन यायची, परातीत मेथीची जुडी. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला धाकटी. निवडायला परात एकच, बरं का! समोर मालिका. तिच्यात काही घडतच नाही, म्हणून मान वर करायची गरज नाही. डोळे मेथीवर, कान टीव्हीवर, आणि तोंड मोकळं! अबोला जावेशी होता, टीव्हीशी कुठं होता?

आमटी खारट झाली की थोरली टीव्हीला सुनावायची, "अगं बाई, एवढं मीठ? रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत ना तुझ्या?" त्या सुनेला कसला रक्तदाब! रक्तदाब कुमुदला! मग कुमुद टीव्हीला म्हणायची, "नाना, गुडघे दुखत असताना जिने कशाला चढता? आम्ही काय मेलोय?" गुडघे कुणाचे? थोरलीचे! दुसऱ्या दिवशी गच्चीवरचे कपडे धाकटीनं आणलेले असायचे. लेकी बोले सुने लागे म्हणतात, ते हे! नानांचं घर असं साधं, की आपल्या घरातलं काहीही तिथं खपून जायचं.

हेरंबाला खोलीतून हे आवाज यायचे. त्याला वाटायचं, बायका टीव्हीशी बडबडतात, काय हे अडाणीपण!

आणि एका गुरुवारी पुन्हा तोच आकडा आला – पहिली! याचं डोकंच फिरलं. तरातरा हॉलमध्ये आला, ते चॅनेल कुलूपबंद केलं, वर चार आकड्यांचा पिन. आणि म्हणाला, "आई, काकू, आता जरा चांगलं बघा!" लावली एक परदेशी मालिका. पाच तारे! पहिल्याच भागात तीन प्रेतं. खाली अक्षरं पळतायत, ती वाचायची, म्हणजे मेथीवरचे हात थांबले. थोरली बिचारी म्हणाली, "अगं बाई, त्या मुडद्यावर पांघरूण तरी –" तर हा म्हणतो, "शू! असल्या मालिकेत बोलायचं नसतं, आई!"

संपलं! पहिल्या दिवशी चूप. दुसऱ्या दिवशी चूप. तिसऱ्या दिवशी परात बाहेर आली नाही. हेरंब खूश – आपल्या घरात अभिरुची आली!

सहाव्या दिवशी संध्याकाळी कुमुदकाकू पिशवी भरून दारात उभी. आठ वाजता रिक्षा सांगितलेली.

"कुठं निघालीस, काकू?"

"नागपूरला. लेकीकडे. कायमची."

"अगं पण का?"

"इथं बोलायला कोण आहे मला?"

हेरंब म्हणाला, "काकू, अकरा वर्षं तुम्ही दोघी बोलतच नव्हता की!"

काकूनं त्याच्याकडे बघितलं. "साडेसातला बोलायचो, रे."

मंडळी, माणूस चोरी करताना सापडला तरी एवढा ओशाळत नाही! त्याला आठवलं सगळं. ते मीठ. ते गुडघे. ते कपडे. ज्याला अडाणीपण म्हणालो, तो आईचा आणि काकूचा संसार होता! आत आई ओट्याला टेकून उभी, पदर तोंडाला. तिला थांब म्हणायचंय, पण म्हणणार कशी? अकरा वर्षांचं कुलूप!

हेरंब धावला रिमोटकडे. साडेसात होऊन गेलेले. आणि पिन आठवेना! एक दाबला – चूक. दुसरा – चूक. घामानं बोटं सटकतायत, आणि रिक्षावाला वेळेआधीच हजर, भोंगा वाजवतोय! शेवटी उघडलं, तर पिन काय निघाला? स्वतःचंच जन्मसाल! माणूस पिन म्हणून दुसरं काय ठेवणार?

पडद्यावर नाना चष्मा शोधतायत. चष्मा कपाळावर! आवाज ऐकून थोरली परात घेऊन बाहेर आली, जागेवर बसली, टीव्हीकडे बघून म्हणाली, "नाना, तिला म्हणावं जाऊ नकोस."

तिथं कोण जात होतं हो? कुणीच नाही!

"नागपूरचा उन्हाळा सोसायचा नाही म्हणावं तिला."

धाकटी दारातच. पिशवी हातात, नजर टीव्हीवर. "नाना, त्यांना विचारा. चकल्या मऊ पडल्या, हे चार लोकांत बोलायची काय गरज होती?"

"नाना, मऊ पडल्याच होत्या!" थोरलीनं डोळे पुसले. "पण खाल्ल्या मीच सगळ्या. पाहुण्यांना एक ठेवली नाही. आणि चुकलं माझं, हेही सांगा तिला."

आणि तेवढ्यात – जाहिरात! नाना गेले! साबणाचा फेस! आता कुणाशी बोलायचं? थोरलीनं साबणाकडे बघितलं, मेथीकडे बघितलं, आणि हळूच मान वळवली.

"कुमुद, ये, बस. मेथी निवडायची राहिलीय."

अकरा वर्षांनी पहिलं नाव! धाकटीच्या हातातली पिशवी खाली आली. "आले, वहिनी," म्हणाली, आणि बसली. रिक्षा हेरंबानंच परत पाठवली. मग तोही परातीशी येऊन बसला. देठांसकट पानं टाकत होता, दोघींनी मिळून ओरडून घेतलं त्याला!

त्या रविवारी त्यानं परीक्षण लिहिलं. खोटं नाही लिहिलं हं! "मालिका मिळमिळीत आहे, पाणचट आहे. मी रोज बघतो."

कळलं उत्तर? बंडोपंत, पेटी जरा थांबवा. अहो, माझं कीर्तन तरी काय भारी आहे? आवाज बसलेला, गोष्टी साध्या. तुम्हीही उगाच येत नाही, शेजारी कुणीतरी बसतं म्हणून येता. आणि आत्ता दोघं-तिघं असे दिसतायत, की एकाच घरातून आले आणि दोन टोकांना बसले. नावं घेत नाही. त्यांची चुळबुळ मालिकेसाठी नाहीये, मला ठाऊक आहे!

झाले सात-पंचवीस. पळा! मालिका खुशाल बघा. पण जाहिरात लागली की स्वयंपाकघरात पळू नका. नाना नसतात तेवढी दोन मिनिटं. शेजारी कोण बसलंय बघा. आता इथं देवाचं नाव घ्या मोठ्यानं – आणि घरी गेल्यावर त्या माणसाचं!