शिट्टी वाजेपर्यंत

(किर्गिझस्तानात, काराकोल गावाच्या वर, स्कीच्या बर्फाळ उतारांच्या पायथ्याशी लिफ्टवाल्यांची लाकडी खोली. जानेवारीतले दुपारचे साडेचार. बाहेर बारीक बर्फ पडतंय.)

कुबात : असं अर्धवट नको सांगूस, तोल्कुन. बाबा तुला माथ्यावर एकटीला सोडून कसे जातील?

तोल्कुन : सोडून नाही गेले. थांब म्हणाले. मी आधी खाली जाऊन उतार तपासतो, तिथून शिट्टी वाजवली की निघायचं, त्याआधी जागचं हलायचं नाही. एवढं बोलून गेले. मी थांबले.

कुबात : किती वेळ?

तोल्कुन : दीड तास. जास्तच असेल.

कुबात : दीड तास बर्फात उभी राहिलीस, आणि नवऱ्याला एक फोन करावासा वाटला नाही.

तोल्कुन : तीनदा केला. तू पोरीला, एलनुराला घेऊन पलीकडच्या उतारावर होतास, तुला ऐकू गेला नसेल. मग थंडीनं फोनच बंद पडला.

शार्शेन : तिला मी उतरवलं, कुबात. लिफ्ट बंद करायच्या आधी वर कोणी राहिलंय का ते मी रोज स्वतः जाऊन बघतो. तर ही काठ्यांवर रेलून उभी. म्हटलं, सूनबाई, चला, शेवटची खुर्ची आहे. तर म्हणते, अजून शिट्टी झाली नाही. हाताला धरून बसवून आणली. चार जणांना बर्फावरच्या गाड्या घेऊन वर पाठवलंय.

कुबात : कशाला उगाच धावपळ करता, शार्शेनदादा? बाबांनी तीस वर्षं या डोंगरावर मुलं तयार केली. तुम्हीही त्यांच्याच हाताखालचे. डोळे बांधून सोडलं तरी ते खाली येतील. कुणीतरी जुनं भेटलं असेल, चहाला बसले असतील.

शार्शेन : आगाय, आमचे गुरुजी, चहाला बसले असते तर इथं, या बाकावर बसले असते. त्यांच्या जुन्या पोरांतला मी एकटाच उरलोय इथं. बाकीचे बिश्केकला, नाहीतर रशियात. सूनबाई, तू नीट आठव. कुठल्या बाजूनं उतरले?

तोल्कुन : डावीकडं. तिथं लाल दोरी बांधलीये. काठीनं ती वर उचलली आणि खालून गेले.

शार्शेन : दोरीखालून?

तोल्कुन : हो. मला वाटलं, त्यांना चालत असेल. त्यांना इथं कोण अडवणार?

शार्शेन : (वॉकीटॉकीवर) बोलोत, ऐकतोयस का? शार्शेन बोलतोय. उजवीकडचं सोडा. डावीकडं या, पुलाच्या जुन्या वाटेला. गाड्या झाडांपाशी ठेवून चालत पुढं जा, आणि काठाजवळ जाऊ नका. हां. मी इथंच आहे.

कुबात : पुलाची वाट म्हणजे, आम्ही लहानपणी जिथून उतरायचो ती?

शार्शेन : तीच. घळीवर लाकडी पूल होता तुमच्या वेळी. पुरात वाहून गेला त्याला अकरा वर्षं झाली.

कुबात : पण हे बाबांना ठाऊक आहे. पूल गेला तेव्हा ते इथंच होते. ती वाट त्यांनीच बंद करायला लावली.

शार्शेन : दोरीची पहिली गाठ त्यांनी मारली. मी खांब धरून उभा होतो.

कुबात : मग झालं तर. ते तिकडं जाणारच नाहीत.

तोल्कुन : त्यांना आता ते ठाऊक नसेल, कुबात.

कुबात : म्हणजे काय?

तोल्कुन : इथं आल्यावर तिसऱ्या दिवशी जेवताना मी सांगत होते, तेव्हा तू ऐकलं नाहीस. पहिल्या दिवशी बाबांनी मला विचारलं, पायात कधी स्की घातल्या आहेत का. नाही म्हटलं. मग त्यांनी आधी पडायला शिकवलं. कुशीवर कसं पडायचं, गुडघे पोटाशी घेऊन कसं उठायचं, टाचा बाहेर ढकलून कसं थांबायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच विचारलं. मला वाटलं, थट्टा करताहेत. आदल्या दिवशी मी इतक्या वेळा आपटले होते, करणारच. तिसऱ्या दिवशीही तेच, अगदी त्याच शब्दांत. मग पडायचं कसं, उठायचं कसं. मी रात्री तुम्हाला म्हटलं, बाबा रोज पहिल्यापासून सुरू करतात. तू काय म्हणालास?

कुबात : मला नाही आठवत.

तोल्कुन : म्हणालास, तुला येत नाही म्हणून करत असतील. एलनुरा हसली, तिची नाझीरा आत्या हसली. मग मीही हसले.

कुबात : बरं, मी हसण्यावारी नेलं. चुकलं माझं. चौथ्या दिवशी परत सांगायचंस. पाचव्या दिवशी सांगायचंस. एवढी मोठी गोष्ट, आणि एकदा हसले म्हणून तू गप्प बसलीस?

तोल्कुन : हसले म्हणून नाही.

कुबात : मग कशासाठी?

तोल्कुन : मला बरं वाटायचं म्हणून.

कुबात : काय बरं वाटायचं?

तोल्कुन : तुम्ही सगळे इथले. एलनुरा चार वर्षांची असल्यापासून बर्फावर आहे. मी नारीनच्या बाजारात वाढलेली, डोंगर लांबून बघितलेली. या घरात दहा वर्षं झाली, दर हिवाळ्यात मी गेस्टहाऊसच्या खिडकीत बसून तुमचे मोजे वाळवते. या वर्षी पहिल्यांदा तू म्हणालास, तूही शीक. आणि शिकवायला कोण, तर बाबा. रोज सकाळी त्यांना आदला दिवस आठवत नसायचा. मी किती वेळा पडले, कुठं रडले, काही नाही. मी कुशीवर पडून उठून दाखवलं की ते थांबून बघत राहायचे. म्हणायचे, पहिल्याच दिवशी हे जमणारी मुलगी मी तीस वर्षांत बघितली नाही. रोज म्हणायचे. आणि मी रोज ऐकून घ्यायची. मला कळत होतं, कुबात. तिसऱ्या दिवसापासून पक्कं कळत होतं. सांगितलं असतं तर ते बंद झालं असतं.

शार्शेन : मलाही परवा दिसलं. आगायनी माझ्या थोरल्या भावाची चौकशी केली. तब्येत कशी आहे, अजून शिकारीला जातो का. त्याच्या मातीला ते स्वतः आले होते, तीन दिवस राहिले होते. मी म्हटलं, बराय तो. म्हातारा माणूस, चालायचंच. दुसरं काय म्हणणार?

कुबात : मला कोणी काही सांगू नका.

शार्शेन : लेका, चिडू नकोस. खाली बस.

कुबात : चिडत नाहीये. मला माहीत होतं.

तोल्कुन : काय माहीत होतं?

कुबात : ऑक्टोबरात बिश्केकच्या घरून बाबा पाव आणायला बाहेर पडले ते दुपारपर्यंत आले नाहीत. शहराच्या पश्चिमेकडच्या स्टँडवरून एका गाडीवाल्याचा फोन आला. म्हातारा काराकोलच्या गाडीत बसलाय, पायात घरातल्या सपाता आहेत, मुलांचा सराव बुडतोय म्हणून घाई करतोय. खिशात माझा नंबर होता. तो मीच लिहून ठेवला होता, कारण सप्टेंबरातही एकदा असंच झालं होतं.

तोल्कुन : मला म्हणालास, बाबांना मित्र भेटले होते.

कुबात : हो.

तोल्कुन : डॉक्टरला दाखवलंस?

कुबात : दाखवलं. म्हणाला, वाढत जाणार. एकटं सोडू नका. मी म्हटलं, सगळं पुसलं जायच्या आत एकदा त्यांना डोंगर दाखवून आणू. माझ्या दवाखान्यात आठ दिवस सुट्टी टाकली.

तोल्कुन : आणि मला शिकायला लावलंस.

कुबात : एलनुरा त्यांच्याबरोबर असती तर ती त्यांना वर घेऊन गेली असती. नाझीराकडं दिलं असतं तर ती गावभर सांगत बसली असती. तू लहान मुलांच्या उतारावरून हलणार नव्हतीस. तुला येतच नव्हतं काही. तू जिथं असशील तिथं बाबा असणार, खाली, माझ्या नजरेसमोर.

तोल्कुन : म्हणजे मला शिकवायचं नव्हतंच. मला राखणीला उभं केलं होतंस.

कुबात : शिकली असतीस तर आनंदच होता.

तोल्कुन : राखण करायची आहे एवढं एकदा सांगितलं असतंस, तर मी त्यांना वर चला म्हटलंच नसतं.

कुबात : तू म्हटलंस?

तोल्कुन : मीच. काल एलनुरा तिच्या मैत्रिणींना सांगत होती, माझी आई अजून तीन-तीन वर्षांच्या पोरांबरोबर घसरते. तू तिला गप्प कर म्हणून मी तुझ्याकडं बघितलं, तर तू फोनमध्ये तोंड घालून हसत होतास. आज सकाळी मी बाबांना म्हटलं, मला एकदा वर न्या, फक्त सरोवर बघू आणि लिफ्टनं परत येऊ. त्यांना इतका आनंद झाला. खुर्चीत बसल्यावर माझ्या गळ्याभोवती मफलर नीट गुंडाळून दिला. वर गेलो. ऊन होतं तेव्हा. खाली इसिक-कुल निळंभोर पसरलेलं. ते बराच वेळ बघत उभे राहिले. मग वळले, आणि त्यांचा आवाज बदलला. एकदम करडा. माझं नाव नाही, सूनबाई नाही. म्हणाले, बाकीची पोरं कुठायत? मी म्हटलं, कुठली पोरं, बाबा? तर म्हणाले, ठीक आहे, तू एकटी वेळेवर आलीस, तूच आधी उतरशील. मग ते शिट्टीचं सांगितलं.

कुबात : आणि तू जाऊ दिलंस.

तोल्कुन : मी बाही धरली. त्यांनी सोडवून घेतली. मागं जायचं तर मला काय येत होतं? पडायचं आणि उठायचं. दोन पावलं टाकली आणि पडले. उठेपर्यंत ते दोरीपलीकडं गेले होते.

कुबात : ओरडायचं होतंस.

तोल्कुन : ओरडणार होते. पण मग ते उतरायला लागले. कुबात, मी सहा दिवसांत त्यांना कधी स्की करताना बघितलंच नव्हतं. रोज माझ्या शेजारून नुसते चालायचे. ते असे गेले, की बर्फाला स्पर्श होतोय की नाही कळेना. एकाहत्तर वर्षांचा माणूस. मी बघत राहिले. मला वाटलं, मी उगाच घाबरले. ज्याला एवढं येतं त्याला काय होणार? मी खूश होऊन बघत होते.

शार्शेन : थांबा जरा, आवाज येतोय. हां, बोलोत. बोल. ... किती खाली? ... दोघं उतरलेत का? ... हात लावून बघितलं? ... मानेला बघ. परत बघ. ... बरं. ... नाही, तुम्ही हलवू नका. झाका काहीतरी अंगावर. मी येतोय.

कुबात : सापडले?

शार्शेन : सापडले.

कुबात : कुठं लागलंय?

शार्शेन : कुबात.

कुबात : स्ट्रेचर न्यायला सांगितलंत का? डॉक्टर मीच आहे, दातांचा असलो तरी. मला गाडीवर घ्या. पाय मोडला असेल तर आधी बांधावा लागेल.

शार्शेन : घळीत पडले, लेका. पूल होता त्याच्या बरोबर खाली. बोलोत म्हणतो, अंग गार आहे. पडले तेव्हाच गेले असणार, दुपारीच. थंडीत वाट बघत नाही बसले. एवढं तरी धरून चाल.

तोल्कुन : शिट्टी?

शार्शेन : गळ्यात होती म्हणतो.

कुबात : थांबायचा प्रयत्न केला असेल. काठ दिसला असेल त्यांना. घसरले असतील.

शार्शेन : खोटं बोलू का तुझ्याशी?

कुबात : नको.

शार्शेन : दोन रेघा सरळ काठापर्यंत गेल्यात. टाच कुठं वळलेली नाही, काठी कुठं टेकलेली नाही. पुलावरून जातात तसे गेले.

कुबात : हे कुणाला सांगायचं नाही.

शार्शेन : माझ्या पोरांनी बघितलंय.

कुबात : त्यांनाही सांगा. आज रात्री नाझीराला सांगावं लागेल, उद्या गाव जमेल, अंगणात दुखवट्याचा तंबू, युर्त, उभारावा लागेल. सगळ्या किर्गिझस्तानातून त्यांची मुलं येतील. त्यांना कळता कामा नये की आगायना पूल आठवला नाही. म्हणायचं, वारा आला, बर्फ उडालं, काही दिसेना. तोल्कुन, तूही हेच सांगायचंस. तू वर होतीस, तुलाच सगळे विचारतील.

तोल्कुन : ऊन होतं.

कुबात : माहीत आहे मला ऊन होतं.

तोल्कुन : बायका मला समोर बसवतील आणि विचारतील, शेवटचं काय बोलले. मी काय सांगू? मला ओळखलं नाही म्हणून सांगू?

कुबात : काहीही सांग. नातीला आशीर्वाद दिला म्हण.

शार्शेन : दोरी तुटली होती असं मी म्हणतो. वाट उघडी दिसली म्हणून वळले. बोल माझ्यावर येऊ दे. मला काय, दोन वर्षांत मी असाही घरी बसणार.

कुबात : नको, दादा. त्यांनी बांधलेली दोरी तुटली असं कोणी म्हणायचं नाही.

शार्शेन : बरं. तू म्हणशील तसं. टोपी घाल. गाडी दारात आहे. अंधार पडायच्या आत त्यांना वर काढू.

कुबात : तोल्कुन, तू गेस्टहाऊसवर जा. एलनुराला अजून काही बोलू नकोस, मी येऊन सांगतो. दोघी जेवून घ्या.

तोल्कुन : मला चालता येत नाहीये.

कुबात : का? तुलाही लागलंय का?

तोल्कुन : नाही. हे स्कीचे बूट.

कुबात : अजून तेच घालून बसली आहेस? काढ ना मग.

तोल्कुन : मला त्या कड्या सोडवता येत नाहीत. रोज संध्याकाळी बाबाच खाली बसून सोडवून द्यायचे. तुम्ही कोणी यायच्या आत.