गणितातलं भांडं

हसू नका, पण माझ्या पीएचडीतली चूक आमच्या आत्यानं काढलीय. बंद भांड्यात तेल आणि पाणी घुसळलं, तर दोन्ही हळूहळू कशी वेगळी होतात, त्याची समीकरणं मी कॉम्प्युटरवर सोडवतो. तीन महिने उत्तर चुकत होतं आणि सोमवारी सरांना दाखवायचं होतं. म्हणून परंड्याला घरी येऊनही मी लॅपटॉपलाच चिकटून बसलो होतो. मी तेल-पाण्याचं काहीतरी करतो एवढं आत्यांना ठाऊक होतं; त्या मागं येऊन स्क्रीनवरचं हलतं रंगीत चित्र बघत उभ्या राहिल्या.

"ह्यातलं तेल कुठलं रं?"

"लाल."

जरा वेळ बघून त्या म्हणाल्या, "लाल कमी व्हायलंय की! भांडं गळतंय तुझं."

मी लई समजूतदारपणे म्हणालो, "आत्या, हे गणितातलं भांडं आहे. ते गळत नसतं."

त्या आत गेल्यावर गुपचूप तपासलं. चारपैकी एका भिंतीला 'इथून काही बाहेर जाणार नाही' ही अट मी लिहिलीच नव्हती!

सोमवारी सरांनी विचारलं, "चूक सापडली कशी?" खोटं बोलवेना, सगळं सांगून टाकलं.

सर म्हणाले, "इथून पुढं आधी त्यांना दाखवायचं, मग माझ्याकडं यायचं."