सासऱ्यांचा काटा

हसू नका, या चहाचा मसाला माझ्या जपानी सासऱ्यांनी जमवलाय. त्सुकुबाजवळच्या डोंगरात ते रानडुकरांची शिकार करायचे. रायफलची काडतुसं घरीच भरायचे. त्यातली दारू काट्यावर तोलायची, दर खेपेला कणभर वाढवायची आणि नेम कशाने बसतो ते बघायचं. यंदा नजर अधू झाली, तशी रायफल, दारू, सगळं पोलिसांकडे जमा करावं लागलं. काटा तेवढा घरात राहिला.

आता त्यावर माझी सुंठ-वेलची तोलतात! दर रविवारी कणभर वाढवतात. परवा घोट घेतला आणि मी ओरडलोच, "बाबा, जमला! हाच!"

त्यांनीही घोट घेतला. खिडकीतून डोंगराकडे बघत म्हणाले, "चहा झकास. पण आवाज नाही होत रे."